नाशिकच्या कॉलेजमधून इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून रिटायर झालेले सर पुढे पीएचडी गाईड राहू शकतात का?

नवीन विद्यार्थी घेता येत नाही, पण आधीच रजिस्टर असलेल्याला ते को-गाईड म्हणून वयाच्या 70 पर्यंत सांभाळू शकतात. हे यूजीसीच्या 7 नोव्हेंबर 2022 च्या पीएचडी नियमांत स्पष्ट लिहिलंय, मी रिसर्च सेंटरचं कागदपत्रांचं काम बघतो म्हणून ते रोजच उघडावे लागतात. खरं तर नवीन विद्यार्थी घेणं रिटायरमेंटच्या 3 वर्षं आधीच थांबतं, म्हणजे आपल्याकडे सर 60 ला निवृत्त होणार असतील तर 57 नंतर नाही. त्यामुळे तुमचं नाव सरांकडे आधीपासून असेल तर घाबरू नका, फक्त मेन गाईड बदलून घ्या आणि सरांचं नाव को-गाईड म्हणून लावायचा अर्ज ते निवृत्त व्हायच्या आधीच द्या, कारण नंतर सही कोणाची यावरच फाईल अडते आणि पोरांचे महिने वाया जातात, फार वाईट वाटतं बघून. अर्जासोबत हे जोडा:

- रजिस्ट्रेशनचं पत्र
- सरांचं संमतीपत्र
- नवीन गाईडचं संमतीपत्र

एक मात्र बघा, तुमचं रजिस्ट्रेशन 7 नोव्हेंबर 2022 च्या आधीचं असेल तर 2009 किंवा 2016 चे नियम लागू होतात, तेव्हा रजिस्ट्रेशनच्या पत्रावरची तारीख आधी तपासा आणि मगच पुणे विद्यापीठाच्या पीएचडी विभागात जा. आणि सरांना सोडू नका, चॅप्टरच्या मार्जिनमध्ये पेन्सिलीने एकेक वाक्य तपासून देणारा माणूस सहजासहजी मिळत नाही.