न दिलेल्या डोसखालची सही

पत्र : नाशिकमधील एका खासगी रुग्णालयात मी मेडिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे. नव्या इन्चार्ज सिस्टर आल्यापासून मला सलग नाइट लागतात, मागितलेला ऑफ मिळत नाही आणि ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्ण सोपवताना, नातेवाइकांसमोर माझा पाणउतारा केला जातो. त्यांच्या मर्जीतल्या मुली चुकल्या तरी मेमो मला मिळतो. सकाळी राउंडच्या आधी इव्हिनिंगच्या सिस्टरच्या औषधांच्या चार्टवर राहिलेल्या सह्याही मॅडम माझ्याकडूनच करून घेतात, पण ते काय, सगळीकडेच चालते. घरी सांगता येत नाही, म्हणून लिननच्या खोलीत जाऊन रडते. राजीनामा द्यावा का?
– एक परिचारिका

उत्तर :

तुमच्या पत्रातील एका वाक्याशी मी अडखळले, आणि ते तुम्ही ज्या सहजतेने लिहून पुढे गेलात, त्याचा मला राग आला आहे. इव्हिनिंगच्या राहिलेल्या सह्या तुम्ही करता. नाइट, ऑफ आणि मेमो यांविषयी आज मी काहीही लिहिणार नाही, कारण या सह्या चालू आहेत तोवर त्या तक्रारींना कोणी दाद देणार नाही.

ट्रीटमेंट चार्टमधली चौकट रिकामी असते तेव्हा एकतर डोस देऊन सही राहिलेली असते, नाहीतर डोसच राहिलेला असतो, आणि रात्री आठला ड्युटीवर आलेल्या तुम्हाला यांतले खरे कोणते हे चार्ट पाहून कळू शकत नाही. समजा, रात्रीच्या जेवणाआधीचे इन्सुलिन गडबडीत द्यायचे राहिले. सकाळी रुग्णाची उपाशीपोटीची साखर २८० येते. राउंडवर आलेले डॉक्टर चार्ट उघडतात, तिथे तुमची सही दिसते, म्हणजे इन्सुलिन देऊनही साखर उतरली नाही असे समजून ते युनिट्स वाढवतात. त्या संध्याकाळी वाढवलेला डोस मात्र नेमका दिला जातो, आणि पहाटे तीनला तो माणूस घामाने भिजलेला, असंबद्ध बोलत असलेला आढळतो. साखर धोकादायक खाली, चाळीसवर उतरलेली. त्या वेळी त्याच्या उशाशी धावत जाणाऱ्या बहुधा तुम्हीच असाल, कारण नाइट तुमचीच आहे.

उद्या चौकशी झाली तर मॅडमनी तोंडी काय सांगितले होते हे कुठल्याही कागदावर सापडणार नाही. सही तेवढी सापडेल. तुमची नोंदणी महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ खाली आहे आणि गैरवर्तन सिद्ध झाल्यास नोंदवहीतून नाव काढले जाऊ शकते. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू होते. त्यात वैद्यकीय प्रक्रिया करताना हातून मृत्यू घडल्यास नोंदणीकृत डॉक्टरला कमाल दोन वर्षांची शिक्षा आहे, परंतु परिचारिका त्या व्याख्येत बसत नाही. तिच्यासाठी सर्वसाधारण मर्यादा, म्हणजे पाच वर्षे. हे तुम्हाला कोणी सांगितले नसेल, म्हणून मी सांगते आहे.

आता तुमच्या छळाविषयी. तुम्ही मेट्रनकडे, म्हणजे सगळ्या परिचारिकांच्या प्रमुखांकडे, का गेला नाहीत, हे पत्रात कुठेच लिहिलेले नाही, पण मला ते कळते. तुम्ही तोंड उघडले की मॅडम पहिल्यांदा तुमच्या सह्यांची फाइलच पुढे करतील, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या सह्यांनी त्यांच्या मर्जीतल्या मुली सांभाळल्या जातात आणि तुमचे तोंडही बंद राहते. नातेवाइकांसमोरचा अपमान लागतो, रडू येते, हे मी समजू शकते. परंतु तुम्हाला बांधून ठेवले आहे ते या सह्यांनी. राजीनामा देऊन तुम्ही निघून जाल, सह्या मात्र त्या रुग्णालयाच्या रेकॉर्डरूममध्ये तुमच्या नावाने राहतील. म्हणून राजीनाम्याचा विचार आज करू नका.

उद्या सकाळी चार्ट पुढे आला की सही करू नका. एवढेच करा, पण हे नक्की करा. डोस खरोखर दिला गेला असेल, तर ज्या सिस्टरने दिला तिने येऊन, उशिरा नोंद करत असल्याचे लिहून आणि डोस दिल्याची वेळ टाकून स्वतः सही करावी. तशी सोय कुठल्याही बऱ्या रुग्णालयात असते. तुम्ही नर्सेस नोट्समध्ये वेळेसह लिहा : 'संध्याकाळच्या डोसची चौकट रिकामी आढळली, डोस दिल्याची खात्री झाली नाही, ड्युटीवरील डॉक्टरांना कळवले.' खाली स्वतःचे पूर्ण नाव. आणि सकाळची वाट पाहू नका. ओव्हर घेतानाच इव्हिनिंगच्या सिस्टरसमोर चार्ट उघडा, चौकट रिकामी दिसली तर ती जाण्याआधी विचारा, म्हणजे राहिलेला डोस वेळेत रुग्णापर्यंत पोहोचेल. आधी केलेल्या सह्यांविषयी मेट्रनना लेखी कळवावे लागेलच, आणि ते पत्र लिहिण्याचे बळ तुम्हाला हा पहिला नकार दिल्यावर येईल.

मॅडमना काय सांगायचे याची भीती वाटत असेल, तर ही वाक्ये पाठ करून जा : 'मॅडम, हा डोस मी दिलेला नाही. ज्यांनी दिला त्यांची सही घ्या.' त्या चिडतील, कदाचित पुढच्या महिन्याच्याही नाइट लावतील. वाद घालू नका, आवाज चढवू नका, चार्ट हातातून सोडू नका आणि तिथेच उभ्या राहून आर.एम.ओ.ना, म्हणजे रुग्णालयाच्या निवासी डॉक्टरांना, फोन लावा.