इंजिन गरम झाल्यावरही जुन्या एस्टीमची रेस खाली का येत नाही?

तुमची २००३ ची मारुती एस्टीम, इंजिन गरम झालं तरी आरपीएमचा काटा १७०० च्या खाली येत नाही, आणि मेकॅनिक म्हणतोय आयएसी वॉल्व (ॲक्सिलेटर सोडलेला असताना इंजिनला लागणारी हवा कमी-जास्त करणारा) बदला. इतक्यात पैसे घालू नका. तो वॉल्व बिघडतो हे खरं, पण बऱ्याचदा नुसता काजळीने अडकलेला असतो. कार्ब क्लीनरने (काजळी काढायचा स्प्रे) साफ केला की चालतो.

आधी फुकटातलं बघा. ॲक्सिलेटरची केबल थोडी सैल हवी. बोनेट उघडून, ही केबल जिथं जोडलेली असते तो थ्रॉटलचा लिव्हर हाताने मागे ढकला. रेस उतरली तर दोष केबलचा नाहीतर बटरफ्लायवर (थ्रॉटलमधली हवेची झडप) साठलेल्या काजळीचा. रेसच्या स्क्रूला मात्र कुणालाही हात लावू देऊ नका. मूळ दोष तसाच राहतो आणि पुढचा मेकॅनिक गोंधळतो.

तिथं काही नसेल तर जादा हवा कुठून आत जातेय ते शोधायचं. फिल्टरकडून येणारा मोठा रबरी पाईप थ्रॉटल बॉडीवरून काढा आणि इंजिन चालू असताना ते तोंड जाड रबराच्या तुकड्याने पूर्ण झाका. त्या पाईपला बारीक नळ्या असतील तर त्याही बंद करा. इंजिन लगेच बंद पडलं तर हवा थ्रॉटल किंवा आयएसीतूनच येतेय. झाकूनही चालूच राहिलं तर पुढे कुठंतरी गळती आहे: चिरलेला व्हॅक्यूम पाईप नाहीतर मॅनिफोल्डचं (थ्रॉटलकडून इंजिनात हवा नेणारा भाग) पॅकिंग. पॅकिंगच्या कडेने पाण्याचा बारीक फवारा मारा, आवाज बदलला की जागा सापडली. तापलेल्या इंजिनवर यासाठी कार्ब क्लीनर मारत बसू नका, पेट घेतो.

आता आपल्या कोल्हापूर भागातली खास भानगड. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून फेकायची खोड इकडं फार. मग इंजिन पुरतं गरमच होत नाही, इंजिनच्या कॉम्प्युटरला ते थंडच वाटतं, आणि तो रेस वाढवून ठेवतो. पेट्रोलही जास्त जातं ते वेगळंच. हायवेने कागलपर्यंत जाऊन या. टेंपरेचरचा काटा सगळा वेळ तळाशीच राहिला तर थर्मोस्टॅट आहे का, हे आधी विचारा. काटा मधोमध येत असेल तर कुलंट सेन्सर तपासा. काट्याचा सेंडर वेगळा आणि कॉम्प्युटरला सांगणारा सेन्सर वेगळा, त्यामुळं काटा बरोबर दाखवला म्हणजे सेन्सर चांगला असं नाही. तपासायला मल्टिमीटर पुरतो.

आणि एक. ब्रेक दाबल्यावर सूं आवाज येत असेल किंवा पेडल दगडासारखं कडक लागत असेल, तर ब्रेक बूस्टरचा (इंजिनच्या व्हॅक्यूमवर ब्रेक हलका करणारा डबा) पाईप कापड गुंडाळून पकडीने दाबून बघा. रेस खाली आली तर गळती पाईपलाच नाहीतर बूस्टरला आहे. ते काम झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका, पन्हाळ्याच्या उतारावर तर नाहीच.