लँकॅस्टर की लीहाय? फ्लिंटलॉक रायफलीचे भाग निवडताना

प्रश्न : आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो. इथे नाताळानंतर हरणाच्या शिकारीचा खास फ्लिंटलॉक (गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटवणाऱ्या बंदुकीचा) हंगाम असतो. त्यासाठी जुन्या घाटाची लांब रायफल स्वतः जुळवायची आहे. सुतारकाम चांगलं येतं. सुटे भाग विकत मिळतात, पण प्रकार इतके आहेत की सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही.

उत्तर : आधी परगणा आणि दशक ठरवा, मग भागांकडे वळा. आधी आवडलेलं लॉक (ठिणगी पाडणारी यंत्रणा) घ्यायचं, मग स्वस्तात मिळाली म्हणून एखादी नळी, असं केलं की 1770 चं लॉक, 1790 ची नळी आणि 1830 चं दस्त्याचं, खांद्याला टेकणारं पितळी पान एकाच लाकडावर येतं. काम कितीही सफाईदार असो, जाणकाराला ती बंदूक विजोडच वाटते.

पहिल्या रायफलीसाठी आमची पसंती 1790 च्या आसपासच्या, पेनसिल्व्हेनियातल्याच लँकॅस्टर परगण्याच्या घाटाला. जेकब डिकर्ट हा तिथला नावाजलेला कारागीर. या घाटात दस्त्याच्या वरच्या-खालच्या रेघा जवळजवळ सरळ असतात, त्यामुळे कानस आणि पट्टी लावून आकार तपासता येतो. याच राज्यातल्या लीहाय खोऱ्यातल्या रायफलीचा दस्ता कमानदार असतो. दिसतो देखणा, पण ती कमान डोळ्यानेच साधावी लागते. टेनेसीच्या डोंगरी घाटाला लोखंडी सामान आणि साधा दस्ता. पितळेची हौस नसेल तर तोही उत्तम.

लँकॅस्टर ठरलं की बाकीचं सोपं होतं. लॉक जर्मन वळणाचं, सायलर या नावाने मिळणाऱ्या नमुन्याचं घ्या. दस्त्याचं पितळी पान सुमारे पावणेदोन इंच रुंद आणि बेताच्या वळणाचं हवं. खोल चंद्रकोरीसारखं पान नंतरच्या काळातलं. दस्त्यात कोरलेल्या चिंध्यांच्या पेटीला (गोळीभोवती गुंडाळायच्या कापडाच्या तुकड्यांसाठी) बिजागरीचं पितळी झाकण.

नळी अष्टकोनी, 42 ते 44 इंची आणि मध्ये बारीक होऊन तोंडाशी पुन्हा किंचित रुंदावणारी घ्या. शेवटपर्यंत एकाच जाडीची नळी स्वस्त पडते, पण बंदूक पुढे जड होते आणि नेम धरताना हात दुखतो. 0.50 इंच व्यासापर्यंत बी वजनाची नळी पुरते, 0.54 ला सी वजनाची (बी, सी या नळीच्या बाहेरच्या जाडीच्या श्रेणी). गोल गोळीसाठी 56 ते 66 इंचांत एक वेढा घेणारे आटे (गोळीला फिरकी देणारे नळीतले चर) चांगले. 0.50 च्या नळीला 0.490 ची शिशाची गोळी आणि साधारण 0.015 इंच जाडीची चिंधी लागते. नळी नामांकित कारखान्याचीच, मागचा आटेदार बूच बसवलेली घ्यावी. साध्या पाइपची नळी जिवावर बेतते. बंदुकीत दारूही काळीच भरायची, धूरविरहित कधीही नाही.

लाकूड लाटेदार रेषांचं मेपल. लाटा पाहून भुलू नका, आधी मुठीजवळचे तंतू पाहा. लॉक, चाप आणि बूच यांच्यासाठी तिथलंच लाकूड सर्वांत जास्त कोरलं जातं. तंतू मुठीच्या वळणाबरोबर न जाता तिरपे बाहेर पडत असतील, तर दस्ता पडल्यावर तिथेच मोडतो.

दोन चापांचा नाजूक संच (डबल सेट ट्रिगर) बसवणार असाल तर लॉकच्या आतल्या चक्राला ‘फ्लाय’ नावाची इवलीशी पट्टी आहे ना, हे विकत घेतानाच पाहा. ती नसेल तर घोडा पडताना अर्ध्या खाचेत अडकतो आणि खाच मोडते.

प्रश्न : अशी रायफल महाराष्ट्रात घरी जुळवता येईल का?

उत्तर : परवान्याशिवाय नाही. ठासणीची असली तरी ती 1959 च्या शस्त्र कायद्याखाली येते. बाळगायला एक परवाना, बनवायला वेगळा. अमेरिकेतही राज्याराज्यांत नियम निराळे आहेत, ते आधी पाहा.

प्रश्न : जुळणी पूर्ण झाली. लॉकच्या वाटीतली रंजक (पेटवणीची बारीक दारू) भपकन पेटते, पण आतली दारू पेटतच नाही. काय चुकलं असेल?

उत्तर : बहुधा नळीचा कान, म्हणजे वाटीतली आग आत नेणारं नळीच्या बाजूचं भोक, चुकीच्या जागी आहे. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून तोंडातून गज बुचाला टेकेपर्यंत आत सरकवा आणि तोंडापाशी गजावर खूण करा. तोच गज नळीच्या बाहेर, खूण तोंडाशी जुळवून धरा. गजाचं टोक जिथे येईल तिथे आत बुचाचा चेहरा आहे. कान त्याच्या सुमारे अष्टमांश इंच पुढे हवा. मागे असेल तर ठिणगी बुचाच्या आट्यांवर आपटते, दारूपर्यंत पोचत नाही. अशा वेळी बुचात चर कोरण्याचा सल्ला मिळतो. तो आम्हाला पसंत नाही, कारण त्या चरात काजळी साठते.

म्हणूनच जुळणीचा क्रम महत्त्वाचा. आधी नळी लाकडात पूर्ण बसवायची, मग वाटीचा मध्य कानाच्या जागेशी जुळवून लॉक, आणि लॉकच्या आतल्या दांडीवरून चापाची जागा. लॉक आधी कोरलं की पुढे काहीच हलवता येत नाही.

जागा बरोबर असेल तर उंची पाहा. कान वाटीच्या वरच्या काठाच्या रेषेत हवा. खाली असला तर रंजकीखाली गाडला जातो, ती वातीसारखी जळत आत जाते आणि बार उशिरा उडतो. दोन्ही ठीक असतील तर कानाच्या भोकाचा व्यास तपासा. एक-सोळांश इंचापासून सुरुवात करा, बार तरीही उशिरा होत असेल तर घाई न करता थोडं थोडं करत 0.070 इंचापर्यंत वाढवा. त्याहून मोठं केलं की दाब कानातून वाया जातो आणि शेजारी उभ्या माणसाच्या अंगावर ज्वाळा येते.