जुन्या स्विफ्टचं पुढचं एकच चाक तापतंय. दोन्ही कॅलिपर बदलायलाच हवेत का?

तुमची २००९ची स्विफ्ट, वापर रत्नागिरीत. पुढचं डावं चाक तापतं, गाडी डावीकडे ओढते आणि गॅरेजवाल्याने चाक न खोलताच दोन्ही कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) बदला म्हणून सांगितलंय. लगेच बदलू नका. ब्रेक अडकायच्या मुख्य जागा तीन : गाईड पिन (ज्यांवर कॅलिपर सरकतो), पिस्टन (जो पॅड ढकलतो) आणि रबरी होज (ज्यातून कॅलिपरला ब्रेक ऑइल जातं). तिघांचा इलाज वेगळा, खर्चही वेगळा. आधी जागा शोधा.

सपाट जागी मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, पुढची बाजू उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर काम करू नका. कुणाला तरी ब्रेक दाबून सोडायला सांगा आणि चाक हाताने फिरवा. जड फिरलं, तर कॅलिपरवरचं निपल (ऑइल आणि हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) पाव फेरा सैल करा. ऑइल जोरात उडालं आणि चाक मोकळं झालं, तर दाब कोंडला होता, म्हणजे बहुतेक होज गेला आहे. जुन्या होजचं आतलं अस्तर फुगतं. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण परत येत नाही. बाहेरून होज चांगला दिसतो, म्हणून नवा कॅलिपर बसवूनही तक्रार तशीच राहते. (पुढची दोन्ही चाकं अडकत असतील, तर मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणारा भाग, तपासावा लागतो.) निपल उघडूनही चाक जडच राहिलं, तर दोष कॅलिपरमध्ये आहे.

आता चाक काढून कॅलिपर सोडवा. तो तारेने वर बांधा, होजवर लोंबकळत ठेवू नका. दोन्ही गाईड पिन ओढून बघा. चांगली पिन दोन बोटांनी आत सरकते आणि सोडल्यावर कोंडलेल्या हवेने किंचित मागे येते. हलवायला पाना लागत असेल, तर दुखणं तिथेच. पिन अडकली की कॅलिपर सरकत नाही आणि बहुधा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजतो. पिनवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढा. खड्डे पडले असतील तर पिन बदला. भोकातलं जुनं ग्रीस पूर्ण पुसा, पिनवरचे फाटलेले रबरी बूट बदला आणि ब्रेकसाठी मिळणारं सिलिकॉन ग्रीस पातळ लावा. साधं बेअरिंग ग्रीस इथे अजिबात चालत नाही. त्याने रबर फुगतं आणि महिन्या-दोन महिन्यांत पिन पुन्हा घट्ट होते. ग्रीस ठासून भरलं तरी पिन आत जात नाही. वरची-खालची पिन सारखी नसेल, तर अदलाबदल होऊ देऊ नका.

कोकणात आणखी एक जागा बघावीच लागते : पॅडचे कान जिथे बसतात त्या ब्रॅकेटच्या (कॅलिपर धरणाऱ्या चौकटीच्या) खाचा. स्टीलच्या पत्र्याच्या क्लिपखाली गंज धरतो, क्लिप वर उचलली जाते आणि पॅड खाचेत आवळला जातो. क्लिप काढून खालचं लोखंड तारेच्या ब्रशने उघडं पडेपर्यंत घासा. पॅड हाताने सरकला पाहिजे. तो हातोडीने ठोकून बसवायची वेळ आली, तर काम अजून झालेलं नाही.

शेवटी पिस्टन. त्याला मागे आणणारी स्प्रिंग नसते. ब्रेक दाबला की आतलं चौकोनी सील पिस्टनबरोबर वाकतं आणि सोडल्यावर पूर्ववत होताना त्याला केसभर मागे ओढतं. रबर कडक झालं किंवा पिस्टन गंजला की हे थांबतं. निपलला नळी लावून ते उघडा आणि जी-क्लॅम्पने पिस्टन हळू आत ढकला. मळकट ऑइल नळीतून बाहेर जाऊ द्या, उलटं मास्टर सिलिंडरकडे नको. पिस्टन एकसारख्या जोरात आत गेला तर ठीक. अडकत-अडकत गेला तर सील किट लागेल. पिस्टन बाहेर काढायला पेडलच हळूहळू दाबा. हवेच्या कॉम्प्रेसरने काढला तर तो गोळीसारखा सुटतो, बोटं जाऊ शकतात. सील सिलिंडरच्या खाचेत बसतं आणि पिस्टनच्या अंगावर घासतं, म्हणून पिस्टनचा पृष्ठभाग सगळ्यात महत्त्वाचा. तिथे खड्डे असतील तर पिस्टन नवा घ्या. खाच साफ होण्यापलीकडे खाल्ली गेली असेल किंवा निपल आत तुटलं असेल, तेव्हा पूर्ण कॅलिपर बदला. हे भाग पेट्रोल-डिझेलने धुऊ नका, सील खराब होतं. ब्रेक क्लीनर वापरा आणि नवं सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवा.

कॅलिपर एकच बदलला तरी चालतो, पॅड आणि डिस्क मात्र डावी-उजवी जोडीनेच बदला. नवा कॅलिपर लावल्यावर निपल वरच्या बाजूला आहे ना, हे बघा. डावा-उजवा उलट लागला तर निपल खाली येतं, हवा वरच अडकते आणि कितीही एअर काढली तरी पेडल मऊच राहतं. होजच्या बोल्टचे दोन्ही वॉशर नवे घ्या आणि होजला पीळ पडू देऊ नका.

ब्रेक ऑइल त्याच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचंच आणि सीलबंद बाटलीतलं घ्या. ते हवेतला ओलावा ओढतं. डॉट ३ प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, ओलावा धरल्यावर ती मर्यादा १४० पर्यंत उतरते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदला. एअर काढताना टाकी रिकामी होऊ देऊ नका. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर त्याच्या युनिटमध्ये शिरलेली हवा काढायला स्कॅनर लागू शकतो.

गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत दाबा, पहिल्या दाबात ते खाली जातंच. मग रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात ब्रेक तपासा. दहा-बारा किलोमीटर चालवून दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न टेकवता धरून बघा. दोन्हीकडची धग सारखी हवी. दुसऱ्या दिवशी निपल आणि होजचा बोल्ट कोरड्या कापडाने पुसा, कापड ओलं झालं तर गाडी बाहेर काढू नका.