‘खातोय ना अजून?’ : म्हाताऱ्या हेजहॉगबद्दल तुमचे प्रश्न

करोनाच्या टाळेबंदीत हौसेने घरी आणलेली हेजहॉगची, म्हणजे अंगावर काटे असलेल्या छोट्या प्राण्याची, पिल्लं आता म्हातारी झाली आहेत. थंडी सुरू झाल्यापासून मला येणारे निम्मे प्रश्न एकाच वळणावर येऊन थांबतात : ‘डॉक्टर, निरोप द्यायची (म्हणजे इंजेक्शन देऊन मुक्त करायची) वेळ झाली का?’ तेच गैरसमज पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकत्र देते आहे. प्राणी समोर नसताना मी त्याचा निकाल लावत नाही, हे गृहीत धरूनच पुढचं वाचा.

आमचा हेजहॉग साडेचार वर्षांचा आहे. विकणारे म्हणाले होते, हा साळिंदराचा भाऊबंद, दहा-बारा वर्षं सहज जगतो. मग तो इतक्यात म्हातारा कसा झाला? (ठाणे)

विकणाऱ्याने एका वाक्यात दोन थापा मारल्या. साळिंदर उंदीर-खारीच्या गटातलं, हेजहॉग चिचुंद्रीच्या जवळचा. पाळीव आफ्रिकन हेजहॉग साधारण ४ ते ६ वर्षं जगतो. तिसरं वर्ष ओलांडलं की मी त्याला वयस्क धरते आणि दर सहा महिन्यांनी तपासायला बोलावते. तुमचा या वर्षात कधी तपासून झाला आहे का?

चार दिवसांपासून मागचे पाय लटपटतात. नेटवर वॉबली सिंड्रोमबद्दल (हेजहॉगचे पाय हळूहळू लुळे पाडणारा मेंदू-मज्जारज्जूचा रोग) वाचलं. इलाज नाही म्हणतात. हाल होण्याआधी निरोप द्यावा असं घरात चाललं आहे. इंग्लंडमधली मावसबहीण मात्र म्हणते, हेजहॉग हिवाळ्यात झोपतातच, हात लावू नका. (पुणे)

आधी त्याच्या पोटाला हात लावा. पोट गार लागतंय का?

तुमच्या बहिणीच्या अंगणात येतो तो युरोपातला हेजहॉग. तो शिशिरनिद्रा घेतो, त्याचं शरीर त्यासाठीच घडलेलं आहे. तुमच्याकडचा आफ्रिकेतला. त्याला २४ ते २९ अंश लागतात. खोली १८-२० अंशांच्या खाली गेली की त्याचं शरीर निद्रेत जायचा प्रयत्न करतं, आणि ती निद्रा त्याला झेपत नाही. तो गार पडतो, झिंगल्यासारखा चालतो, खाणं सोडतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १०च्या आसपास येतो आणि तुम्ही पिंजरा बाल्कनीच्या दाराशी ठेवल्याचं स्वतःच लिहिलं आहे! थंडीने गारठलेल्या प्राण्याला असाध्य रोगाचा शिक्का मारून माझ्याकडे आणणारे दर हिवाळ्यात भेटतात. मुंबईकरांनी हसू नये, तुमचा एसी हेच काम बारा महिने करतो.

त्याला स्वेटरच्या आत, अंगाशी धरा, किंवा टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशवीजवळ ठेवा. ऊब हळूहळू द्या. हेअर ड्रायर नको. आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. ऊब मिळूनही लटपट राहिली तर कान, मणका, गाठ असं बरंच काही तपासावं लागेल. वॉबलीचं पक्कं निदान मृत्यूनंतर मेंदू आणि मज्जारज्जू सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होतं. जिवंतपणी आम्ही बाकीच्या शक्यता एकेक खोडत तिथवर येतो. तुम्ही एकही खोडलेली नाही.

वॉबलीसाठी व्हिटॅमिन ईचे थेंब ऑनलाइन मिळतात. ‘३० दिवसांत पुन्हा चालेल’ असं लिहिलं आहे. मागवू का? (कोल्हापूर)

नको. ते पैसे तपासणीला ठेवा.

आमच्या भोपळूला वॉबली असावा असं डॉक्टरांनी वर्षापूर्वी सांगितलं. आता मागचे पाय पूर्ण गेले आहेत. एका कुशीवर पडून असतो, लघवीतच भिजतो, कुशीला जखम झाली आहे. पण अळी नाकाशी धरली की खातो. आई म्हणते, खातोय तोवर त्याला जगायचं आहे, मारलंत तर पाप लागेल. झोपेत आपोआप गेला तर बरं, असं सगळ्यांना वाटतं. (नाशिक)

‘खातोय ना अजून?’ हे मराठी घरातलं तब्येतीचं एकमेव माप. दवाखान्यातून आजोबांना पाहून आलेल्याला आपण पहिल्यांदा हेच विचारतो. हेजहॉगच्या बाबतीत हे माप खोटं आहे, हे सांगून सांगून माझा घसा बसला. वॉबलीत मेंदू आणि मज्जारज्जूच्या पांढऱ्या भागात पोकळ्या पडत जातात. पाय जातात, अंगाचा चेंडू करणं जातं, वजन उतरतं. भूक मात्र बहुतेकदा फार उशिरापर्यंत टिकते. म्हणजे तुम्ही ज्या खुणेची वाट पाहता आहात ती बाकी सगळं संपल्यावर येणार. नाकाशी धरलेली अळी तोंडात घेणं ही जगण्याची इच्छा आहे की नुसती सवय, ते मला सांगता येत नाही. तुमच्या आईलाही येणार नाही.

आता ‘आपोआप’. शिकार होणारा प्राणी दुखणं लपवतो, ओरडत नाही. त्यामुळे तो शांतपणे गेला असं माणसांना वाटतं. अशी ‘शांत’ गेलेली जनावरं मी पाहिली आहेत. पाण्याच्या भांड्यापर्यंत पोचता न आल्याने तहानलेली, कुशीची जखम हाडापर्यंत गेलेली, भरवलेलं श्वासनलिकेत गेल्याने गुदमरलेली. झोपेत जाणं क्वचित घडतं. त्याच्या भरवशावर बसणं म्हणजे निर्णय न घेण्याचा निर्णय घेणं, आणि त्याची किंमत भोपळू मोजतो. मी वरून बोलत नाही. माझ्या स्वतःच्या मांजरीच्या वेळी ‘उद्या बघू’ म्हणत मी चार दिवस काढले होते. डॉक्टर असून.

पापाचं. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत तळमळत होतं, वाचण्याची आशा नव्हती. गांधीजींनी डॉक्टर बोलावून त्याला इंजेक्शन देऊन मुक्त केलं. संतापाची पत्रं आली. त्यांनी जाहीर लेख लिहून आपली बाजू मांडली. अहिंसेचा अर्थ त्यांना कळत नव्हता असं आईंना म्हणायचं असेल तर म्हणू दे. पाप-पुण्याचा हिशोब माझ्या शास्त्रात नाही, वेदनेचा आहे.

भुकेऐवजी काय बघायचं? स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये दाखवणारा काटा घ्या. रोज एकाच वेळी वजन करा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत, दुधाच्या हिशोबाशेजारी, लिहून ठेवा. ४०० ग्रॅमच्या प्राण्याचे ४० ग्रॅम उतरले तर वाट न पाहता फोन करायचा. तो दिवसा झोपतो म्हणून तुम्हाला त्याचं खरं आयुष्य दिसतच नाही. रात्री मोबाइल लावून चित्रण करा. पाण्याकडे स्वतः जातो का, पडला तर उठतो का, ते बघा. चांगल्या दिवसावर बरोबरची खूण, वाईटावर फुली. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंची सात मुद्द्यांची मोजपट्टी आहे : वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी गुण; गुण जास्त म्हणजे स्थिती चांगली, वेदनेच्या मुद्द्यातही. भूक त्या सातांतला एक मुद्दा आहे, हे आईंना दाखवा. गुण घरातल्या प्रत्येकाने एकमेकांना न दाखवता द्यावेत. तुमच्या आणि त्यांच्या कागदात किती फरक पडतो ते बघा.

तुमच्या पत्रात बाकीच्या सहांपैकी चार मुद्द्यांची उत्तरं आलीच आहेत. तरी शेवटचा शब्द त्याला हातात घेऊन पाहणाऱ्या डॉक्टरांचा. या आठवड्यात जा; गुणांचा कागद बरोबर न्या.

चार वर्षांच्या मादीच्या लघवीतून रक्त जातं. लघवीचा संसर्ग म्हणून तीन आठवडे प्रतिजैविकं चालू आहेत, फरक नाही. वय पाहता आता सोडून द्यावं का? (डोंबिवली)

सोडून कुठे देता? वयस्क मादीत असं रक्त बहुतेकदा लघवीचं नसतं, गर्भाशयाचं असतं. तिथे गाठी होतात आणि त्या वेळेत काढल्या तर प्राणी पुढे छान जगू शकतो. तीन आठवडे वाया गेले, चौथा घालवू नका. सोनोग्राफी करा. मात्र शस्त्रक्रिया झेपेल का, हे हृदय तपासून ठरवायचं; म्हाताऱ्या हेजहॉगमध्ये हृदयविकारही पुष्कळ दिसतो. आणि डॉक्टर निवडताना फोनवरच विचारा : हेजहॉग पाहता का, वायूने भूल द्यायची सोय आहे का? गुंडाळी करून बसलेल्या प्राण्याचं पोट भुलीशिवाय बहुधा तपासताच येत नाही.

माणसांच्या झोपेच्या गोळ्या घरीच दिल्या तर? तसंच दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल का? (सोलापूर)

नाही. आणि नाही.

शेवटी नेमकं काय करतात? मी जवळ थांबू शकते का? (बोरिवली)

आधी मास्कने किंवा छोट्या पेटीत वायूची भूल. तो पूर्ण बेशुद्ध झाला, चिमटा काढला तरी हलत नाही याची खात्री झाली, की मगच इंजेक्शन. सगळं मिळून काही मिनिटं. भूल न देता थेट हृदयात सुई घालू असं कोणी म्हणालं तर प्राणी उचला आणि बाहेर पडा. थांबता येईल का ते आधी विचारा. वायूमुळे काही ठिकाणी भूल चढेपर्यंत बाहेर बसवतात. त्याची रोजची चादर बरोबर न्या. संमतीपत्रावर सही लागेल, तीही घाईत करू नका.

सात वर्षांच्या मुलीला ‘तो गावाला गेला’ असं सांगावं का? (सांगली)

पुढच्या सुट्टीत ती गावाला जाऊन त्याला शोधेल. ‘मेला’ हा शब्द वापरा. ‘डॉक्टरांनी झोपवलं’ असंही नको, त्या रात्री ती स्वतः झोपणार नाही.

बाल्कनीतल्या मोठ्या कुंडीत पुरलं तर चालेल? (पिंपरी)

नाही. कुंडीत खोली मिळत नाही, वास सुटतो, कावळे-मांजरं उकरतात. इंजेक्शन दिलेल्या देहात औषध शिल्लक असतं, तो खाणारं जनावरही मरू शकतं. स्वतःची जागा असेल तर विहिरीपासून लांब, तीन फूट खोल खड्डा. नसेल तर दवाखान्यात किंवा महापालिकेत दहनाची सोय विचारा.

आमचा गेला तर मागे राहिलेला एकटा पडेल. आत्ताच तिसरा आणून ठेवू का? (नागपूर)

हेजहॉग एकलकोंडा प्राणी आहे. दोघांना एका पिंजऱ्यात ठेवत असाल तर आजच वेगळे करा.

परवापासून काहीच खाल्लेलं नाही. नेहमीचे डॉक्टर रविवारी येतात. तोवर थांबू का? (पनवेल)

यांना मी छापण्याआधीच फोन केला. हेजहॉग एक-दोन दिवस उपाशी राहिला तरी यकृतात चरबी साचू लागते. तो पाच वर्षांचा. तोंडाला वास, गालावर सूज. अशा वेळी तोंडातल्या गाठीची शंका आधी येते, पण सडलेला दात असला तरी चित्र असंच दिसतं, आणि दात काढता येतो. ते गुरुवारी रात्रीच दुसऱ्या दवाखान्यात गेले. दात निघाला की गाठ, हे अजून कळलेलं नाही. शुक्रवारी भूल देऊन तोंड उघडणार आहेत.