खारपाणपट्ट्यातली लेक आणि गाळाचं गणित

प्रश्न: आम्ही दर्यापूर तालुक्यातले कोरडवाहू शेतकरी. मुलगी अमरावतीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स घेऊन. खाऱ्या पाण्यात मातीचे कण एकत्र येऊन जो गाळ होतो तो कसा दबतो, कसा वाहतो, याचं कॉम्प्युटरवर गणित मांडायचं तिने मनावर घेतलं आहे. घरचे म्हणतात बी.एड. कर. याला नोकरी आहे का? आणि एवढा खर्च आम्हाला झेपेल का?

राम राम भाऊ,

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात वाढलेल्या पोरीला हा प्रश्न पडावा, याचं मला नवल वाटलं नाही. घरात बोलणं सोपं जावं म्हणून आधी विषय सांगतो.

काळ्या मातीतले चिकणमातीचे कण फार बारीक असतात आणि त्यांच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो. गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर लोटतात, म्हणून नाल्याचं पाणी लवकर निवळत नाही. पाण्यात क्षार वाढले की ते लोटणं कमी पडतं, कण चिकटतात, त्यांचे पोकळ पुंजके होतात आणि त्यांत पाणीही अडकतं. पुंजक्याला पुंजका लागून गाळभर जाळं तयार होतं. थोड्या जोराने ते हलत नाही. जोर एका मर्यादेपुढे गेला की जाळं तुटतं आणि गाळ वाहायला लागतो. थांबवला की जाळं पुन्हा जुळतं. ती मर्यादा किती, तुटण्या-जुळण्याचा वेग किती, क्षार वाढले तर दोन्हींचं काय होतं, हे समीकरणांत बसवायचं म्हणजे तुमच्या मुलीचा विषय. दोन कणांमधल्या ओढाताणीचा सिद्धांत १९४०च्या दशकातच सोव्हिएत आणि डच शास्त्रज्ञांनी मांडून ठेवला. अशा असंख्य कणांचा गाळ नळीतून कसा जाईल, याचं गणित मात्र अजून पुरतं सुटलेलं नाही.

क्षार कोणता, यानेही फरक पडतो. कॅल्शियम हा सोडियमपेक्षा कितीतरी जास्त ताकदीने कण जुळवतो. चोपण जमिनीत जिप्सम टाकायला सांगतात ते याच कारणाने. सोडियम चढलेल्या मातीवर पावसाचं गोडं पाणी पडलं की कण सुटे होतात, मातीतली छिद्रं बुजतात आणि पाणी वरच साचून राहतं. हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं आहे.

आता नोकरीचं. या नावाच्या पदाची जाहिरात कधी निघणार नाही, तिची वाट बघू नका. मागणी असते ती घट्ट, गाळासारखे द्रव कसे वाहतात हे मोजता आणि मांडता येणाऱ्या माणसाची. खाणीतून उरलेला चिखल, वीज केंद्राच्या राखेचा पाइपातून जाणारा रगडा, बंदरात साचणारा गाळ, रंग, सिमेंट, तेलविहिरी खोदताना वापरतात तो चिखल, सगळीकडे हेच शास्त्र आहे. चिलीत गोड्या पाण्याचा तुटवडा म्हणून तांब्याच्या काही खाणी समुद्राचं पाणी वापरतात. तिथे खाऱ्या पाण्यातला गाळ हा रोजचाच प्रश्न. आपल्याकडे कोराडी-चंद्रपूरला राख आहे, नागपूरच्या आसपास कोळसा आणि मँगनीज आहे; पण तिथल्या भरतीत बहुतेक इंजिनिअरच घेतात, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. एम.एस्सी.-पीएच.डी. वाल्यांसाठी पुण्याची एनसीएल म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, खडकवासल्याचं जल व विद्युत संशोधन केंद्र, नागपूरची पर्यावरण संशोधन संस्था नीरी, आयआयटी आणि कंपन्यांचे संशोधन विभाग. म्हणजे गाव सुटणार. ते मनाला पटत नसेल तर आत्ताच तिच्याशी बोला, एम.एस्सी. झाल्यावर नको.

माझं मत विचाराल तर बी.एड. आत्ता नको. दोन वर्षं त्यात जातात, पुढे टेट म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, आणि तरी भरती कधी निघेल याचा भरवसा नाही. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं. गणितावरचा हात एकदा सुटला की परत बसवणं मात्र जड जातं.

तिने तिसऱ्या वर्षाला असतानाच आयआयटीची जॅम परीक्षा द्यावी, फिजिक्स किंवा मॅथ्सची. तिच्या जोरावर आयआयटीत एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. खरा खर्च याच दोन वर्षांचा: फी आणि मेस. त्यानंतर नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे पीएच.डी.साठीची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० मिळतात, वर घरभाडं वेगळं. तेव्हा तुमच्याकडे मागायची वेळ येऊ नये. पीएच.डी.ला पाच वर्षं धरून चाला. राज्य सरकारच्या संस्थाही पीएच.डी.ला पैसे देतात: तुम्ही ओबीसीत असाल तर नागपूरच्या महाज्योतीच्या, मराठा-कुणबी असाल तर सारथीच्या, अनुसूचित जातीत असाल तर बार्टीच्या अधिछात्रवृत्तीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. जात वैधता आणि लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर आत्ताच काढून ठेवा. मी पाहिलंय, हुशार पोरं परीक्षेत नाही, तहसीलच्या खिडकीवर अडकतात.

आणि मुलीला सांगा: विषयाची आवड आहे की नुसतं नाव आवडलंय, हे सुट्टीत तपासून बघ. सारख्या उंचीचे तीन काचेचे ग्लास घे, प्रत्येकात सारखीच काळी माती. एकात पावसाचं पाणी, दुसऱ्यात बोअरचं, तिसऱ्यात चमचाभर मीठ घातलेलं. ढवळून ठेव, दर दहा मिनिटांनी गाळाची वरची पातळी पट्टीने मोज आणि आलेख काढ. मग पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत त्या आलेखाला बसेल असं समीकरण शोध. ओपनफोम आणि लॅम्प्स ही या कामाची सॉफ्टवेअरं फुकट आहेत, पण ती नंतर. आधी डिफरन्शियल इक्वेशन्स पक्की कर.

आलेख काढून झाले की मला पाठवू द्या. तेव्हा जॅमला फिजिक्स घ्यायचं की मॅथ्स, ते ठरवू.