रेक्टर म्हणून रुजू होण्याआधी

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. निवासी शाळेत शिकवायचं आणि मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून तिथेच राहायचं, हे नक्की झालं हे वाचून मनापासून आनंद झाला. शिकवायची भीती वाटत नाही, एवढ्या मुलींसोबत राहायची वाटते, असं तू लिहिलं आहेस. बरोबर आहे तुझं. तास घंटेबरोबर संपतो. राहणं संपत नाही. रात्री अडीच वाजता दारावर टकटक होते, तेव्हाही तू रेक्टरच असतेस.

तुझा खरा प्रश्न पत्राच्या शेवटी आहे. आईवडिलांपासून लांब राहून मुलींचं खरंच काही भलं होतं का? होतं. तीस वर्षं मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. पण ते कशामुळे होतं हे उमगायला मला बरीच वर्षं लागली. सुरुवातीला सगळं श्रेय मी वेळापत्रकाला आणि शिस्तीला द्यायचे. त्यांचा हातभार असतोच. पण आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, हे मुलीला ज्या दिवशी पहिल्यांदा कळतं, त्या दिवसापासून ती बदलायला लागते. घरी तिचे लाड होत असतील किंवा हेळसांड होत असेल, पण एका परक्या मुलीनं तिच्यावर विसंबून राहावं, हा अनुभव तिथे क्वचितच मिळतो. वसतिगृहात तो रोज मिळू शकतो. त्याची सोय मात्र तुला करावी लागेल.

एक प्रसंग सांगते. सहावीत एक मुलगी नवीन आली होती. पहिले दोन आठवडे तिच्या डोक्याचा स्कार्फ सुटला नाही, झोपतानाही नाही. कुणी जवळ येऊन बसलं की ही सरकून लांब बसायची. खोलीतल्या मुली म्हणायच्या, शिष्ट आहे. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं होतं. रविवारी न्हाणं झालं की मुली व्हरांड्यात साखळी करून बसायच्या, एकीच्या मागे एक. प्रत्येकीच्या पुढ्यात पुढचीचे केस आणि हातात बारीक दातांची फणी. ही मुलगी त्या वेळी खांबाआड वही घेऊन बसायची.

तिच्या खोलीची प्रमुख दहावीतली होती. एका रविवारी ती साखळीतून उठली, खांबापाशी गेली, त्या मुलीकडे पाठ करून खाली बसली आणि आपली वेणी सोडली. म्हणाली, "दोन दिवस झाले, खाजतंय. बघ ना जरा, मला मागचं दिसत नाही." ती मुलगी तशीच बसून राहिली. मग तिनं वही बाजूला ठेवली. आधी बोटांच्या टोकांनी, मग नीट, कानामागून सुरुवात करून एकेक बट वेगळी करत ती बघायला लागली. तिच्या हाताला हे काम माहीत होतं, घरी धाकट्या बहिणींचं करत असणार. दहा-पंधरा मिनिटांनी अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "ताई, माझं कोण बघेल?"

"मी बघेन. त्यात काय एवढं?"

स्कार्फ सुटला. डोकं उवा-लिखांनी भरलं होतं, खाजवून खाजवून मानेवर फोड आले होते. दोन आठवडे ही पोर रात्रभर जागी होती, आणि मी रोज तिच्या पलंगाजवळून जाऊन हजेरी घेत होते. उवांचा अस्वच्छतेशी फारसा संबंध नसतो, डोक्याला डोकं लागलं की त्या पसरतात. हे मला ठाऊक होतं, मुलींना मात्र मी ते कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. अख्ख्या खोलीची डोकी तपासली, जिथे उवा दिसल्या तिथे त्याच दिवशी औषध लावलं, आठ-दहा दिवसांनी पुन्हा लावलं. पुढे चार वर्षांनी तीच मुलगी एका नव्या मुलीसमोर पाठ करून बसलेली मला दिसली. "बघ ना जरा," म्हणत होती. तिच्या डोक्यात तेव्हा एकही ऊ नव्हती.

सांभाळली गेलेली मुलगी पुढे दुसरीला सांभाळते, हे आपल्याकडे फार आधीपासून घडत आलं आहे. विधवांना आणि मुलींना राहून शिकता यावं म्हणून पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. अगदी सुरुवातीला तिथे आलेल्यांमध्ये गोदूबाई नावाच्या एक बालविधवा होत्या. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० मध्ये तो पुण्याजवळ हिंगण्याला एका झोपडीत गेला. आनंदीबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा, शिकायला लागल्या त्या मोठ्या वयात. पुढे त्यांनीच आश्रमातल्या मुलींना सांभाळलं, गावोगाव फिरून वर्गणी जमवली आणि त्यासाठी थेट अमेरिका गाठली. १९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं, त्याचीही मुळं या आश्रमातच आहेत. या साऱ्याच्या आरंभी एका सदनात जागा मिळालेली एक मुलगी आहे, हे मी कधी विसरत नाही.

आता कामाचं बोलू. खोल्या लावताना सगळ्या सहावीच्या एकीकडे आणि सगळ्या नववीच्या दुसरीकडे, असं करू नकोस. हिशेबाला ते सोपं जातं, म्हणून बहुतेक ठिकाणी तसंच करतात. प्रत्येक खोलीत दोन-तीन इयत्तांच्या मुली ठेव. नव्या मुलीचा पलंग कोपऱ्यात नको, मध्ये हवा. तिच्या शेजारी हुशार मुलगी नको, जी स्वतः पहिल्या वर्षी खूप रडली होती ती हवी. तिला ठाऊक असतं की संध्याकाळ आणि दिवे मालवल्यानंतरचा पहिला अर्धा तास, या दोन वेळा सगळ्यांत कठीण जातात.

मात्र लक्ष ठेवायला हवं. सांभाळणं आणि राबवून घेणं यांत रेघ बारीक असते. मोठीचे कपडे धाकटी धुते आहे का, मोठीची बादली धाकटी भरून ठेवते आहे का, हे तुला नोंदवहीत दिसणार नाही. सकाळी नळापाशी उभी राहा, पाच मिनिटांत कळेल.

कामांच्या पाळ्या लाव आणि त्या सगळ्यांना सारख्या लाव. मेरी लायन यांनी १८३७ मध्ये अमेरिकेत माउंट होल्योक इथे मुलींची निवासी संस्था सुरू केली, तेव्हा स्वयंपाकापासून झाडलोटीपर्यंतची कामं विद्यार्थिनीच वाटून घेत. फी कमी राहावी आणि साध्या घरच्या मुलींनाही शिकता यावं, हा त्यामागचा हेतू होता. पण श्रीमंताघरची आणि गरिबाघरची मुलगी एकाच फडक्याचं एकेक टोक धरून उभी राहिली की त्यांच्यातलं अंतर जसं कमी होतं, तसं माझ्या दहा भाषणांनीही होत नाही. एक पथ्य मात्र कटाक्षानं पाळ. काम शिक्षा म्हणून कधीही द्यायचं नाही. आज व्हरांडा झाडणं ही शिक्षा झाली, तर उद्या पाळीनं झाडणारीला अपमान वाटणार.

मुलींच्याच शाळेचा एक फायदा तू स्वतः अनुभवला आहेस. बाक हलवायचे असोत, प्रोजेक्टर बिघडलेला असो, स्नेहसंमेलनाचा हिशेब ठेवायचा असो, 'हे मुलगे करतील' म्हणायला तिथे कुणी नसतंच. सगळं मुलींनाच करावं लागतं आणि त्या करतात. यावरून पालकांना भलतं आश्वासन मात्र देऊ नकोस. २१ देशांतल्या १८४ अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलामुलींना वेगळं शिकवल्यानं गुणांमध्ये किंवा आत्मविश्वासात म्हणावा असा फरक पडतो, असं त्यातल्या काटेकोर अभ्यासांत दिसलं नाही. म्हणजे 'फक्त मुलींसाठी' अशी पाटी लावली की सगळं आपोआप होतं असं नाही. आत कोण कुणाशी कसं वागतं, त्यावर ते ठरतं.

पॅडचं कपाट. त्याला कुलूप नको आणि त्यावर नोंदवही नको. मी पहिली तीन वर्षं नोंदवही ठेवली होती, साठा कळावा म्हणून. मुली नाव लिहायला लाजायच्या आणि जुन्या कापडाच्या घड्या वापरायच्या. नोंदवही काढली, कपाट न्हाणीघराशेजारी हलवलं, आणि साठ्याची जबाबदारी आठवीतल्या दोघींना दिली. महिनाभर थोडा जास्त खप झाला, मग आपोआप स्थिरावला. पहिल्यांदा पाळी आलेल्या मुलीला रात्री उठवायला कुणी तरी हक्काचं हवं, आणि ते 'कुणी तरी' बहुतेक वेळा तू नसशील, शेजारच्या पलंगावरची ताई असेल. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

झोपेकडेही बघ. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलींना आठ ते दहा तास झोप लागते. रात्री अकरापर्यंत अभ्यास आणि पहाटे पाचला घंटा, असं वेळापत्रक तुझ्या हाती आलं तर मुख्याध्यापकांशी भांड.

आता माझी एक चूक सांगते, कारण ती तुझ्या हातून होऊ नये. मी नोकरीला लागले तेव्हा मुलींची पत्रं रेक्टरनं वाचून मगच टाकायची, अशी तिथली पद्धत होती. मीही वाचायचे. एका मुलीनं घरी लिहिलं होतं, 'मला इथे एकटं वाटतं.' मी तिला बोलावून समजावलं की आईला काळजी वाटेल असं लिहू नये. तिनं ते पत्र फाडून दुसरं लिहिलं, 'मी मजेत आहे.' त्यानंतर वर्षभर तिची सगळी पत्रं मजेतच होती. एका वर्गमैत्रिणीनं सगळ्यांना तिच्याशी बोलायला बंदी केली होती, हे मला वर्ष संपताना कळलं, तेही ती शाळा सोडून गेल्यावर. ज्या दाराने ते माझ्यापर्यंत पोचलं असतं, ते मीच बंद केलं होतं. त्यानंतर मी एकही पत्र उघडलं नाही. आता पत्रांच्या जागी फोन आला आहे. मुलगी घरी बोलत असताना शेजारी उभी राहू नकोस.

कारण मुलींचा गोतावळा जसा आधार देतो तसा तो बोचकारतोही. मारहाण क्वचित होते. अबोला, टोपणनावं, जेवताना बाकावर जागा न देणं, हे रोज होऊ शकतं. प्रत्येक मुलीला विश्वासानं बोलता येईल अशी किमान तीन मोठी माणसं ठाऊक हवीत, आणि त्यातलं एक तरी वसतिगृहाबाहेरचं हवं, कारण उद्या तिची तक्रार तुझ्याबद्दलही असू शकते. कुणी तिला नको तसा स्पर्श केल्याचं तिनं सांगितलं, तर शाळेच्या नावाचा विचार एक क्षणही करू नकोस. तिचं शांतपणे ऐकून घे, 'तू सांगितलंस हे चांगलं केलंस' म्हण, आणि त्याच दिवशी रीतसर कळव. तपास करणं तुझं काम नाही, कळवणं तुझं काम आहे.

इमारत जुनी आहे, पलंग करकरतात, असं तू लिहिलं आहेस. सोसून घे. शबाना बासिज-रसिख या अफगाण बाईंचं उदाहरण मला नेहमी धीर देतं. त्या लहान असताना तालिबानच्या राजवटीत मुलींना शाळा बंद होती, तेव्हा मुलाचा वेश करून त्या मोठ्या बहिणीबरोबर लपूनछपून शिकायला जात. पुढे त्यांनी काबूलमध्ये मुलींची निवासी शाळा उभी केली. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परत आले, तेव्हा मुलींची नावं कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून त्यांनी शाळेची कागदपत्रं जाळली आणि मुली, शिक्षक, कर्मचारी आणि कुटुंबीय अशा सुमारे २५० जणांना घेऊन त्या रवांडाला गेल्या. इमारत काबूलमध्ये राहिली. शाळा रवांडात पुन्हा भरली.

पोचलीस की खोल्यांची यादी मला पाठव, कुणाला कुणाशेजारी ठेवायचं ते आपण फोनवर बोलू.

आणि पहिल्या रात्रीचं. दिवे मालवल्यावर अर्ध्या तासानं अनवाणी एक फेरी मार. टॉर्च मुलींच्या तोंडावर पाडू नकोस, खाली जमिनीवर धर. कुठल्या तरी पांघरुणातून दाबलेलं रडणं ऐकू येईल. लगेच आत जाऊ नकोस, दारापाशी थांब. बहुतेक वेळा शेजारचा पलंग करकरेल, कुणी तरी उठल्याचा आवाज येईल. तो आला की तू आपल्या खोलीत जा. नाही आला, तर जाऊन तिच्या पायाशी बस.

तुझी,
बाई